नहेम्याचे पुस्तक सहा शनिवारांत कसे घ्यावे? ३रा अध्याय, शापाची प्रार्थना आणि १३वा अध्याय अडतो आहे

तरुणसंघ_शनिवार

सर्वांना सलाम. तरुण संघाच्या अभ्यासवर्गासाठी मदत हवी आहे. वर्गात १५ ते २० जण असतात, वय १८ ते ३०, वेळ ५० मिनिटे. चर्चच्या कंपाउंडची भिंत नव्याने बांधायची ठरली आहे, म्हणून पाळकसाहेबांनी जुन्या करारातले नहेम्याचे पुस्तक, म्हणजे यरुशलेमची पडलेली भिंत पुन्हा बांधल्याची हकीगत, घ्यायला सांगितले. सहा शनिवार मिळाले आहेत आणि अध्याय तेरा.

अडचणी अशा. ३रा अध्याय म्हणजे नुसती नावे, तो सोडून द्यावा का? ४:४-५ मध्ये नहेम्या शत्रूंना क्षमा करू नकोस अशी प्रार्थना करतो. प्रभूने शत्रूंवर प्रीती करा म्हटले, मग ही प्रार्थना कशी शिकवायची? १३व्या अध्यायात तो लोकांना मारतो, त्यांचे केस उपटतो. बहुतेक अभ्यासमाला ६व्या अध्यायात भिंत पूर्ण झाली की थांबतात. आम्हीही तिथेच थांबलो तर चालेल का?

---

जुना_करार

सलाम. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीची आखणी त्यावरच ठरते. ६व्या अध्यायात थांबू नका. तिथे थांबलात तर मुलांच्या हाती एका कर्तबगार माणसाची यशोगाथा लागेल: प्रार्थना केली, योजना आखली, ५२ दिवसांत भिंत उभी केली. पुस्तक तसे नाही. भिंत निम्म्या पुस्तकाच्या आतच पूर्ण होते. उरलेले सात अध्याय त्या भिंतीच्या आत राहणाऱ्या माणसांचे आहेत, आणि तिथले काम ५२ दिवसांत झाले नाही. नहेम्याच्या हयातीत ते झालेच नाही.

हे वर्गाला दाखवायला १०वा आणि १३वा अध्याय समोरासमोर ठेवा. दहाव्यात लोक सही-शिक्क्यानिशी करार करतात. त्यात मुख्य वचने तीन: परक्यांशी सोयरीक करणार नाही (१०:३०), शब्बाथाला खरेदी करणार नाही (१०:३१), देवाच्या मंदिराची हेळसांड करणार नाही (१०:३२-३९). आता तेरावा पाहा. आधी मंदिराची हेळसांड (१३:४-१४), मग शब्बाथाचा बाजार (१३:१५-२२), मग सोयरिका (१३:२३-२८). तीनही वचने मोडलेली, आणि तीही नेमकी उलट क्रमाने. १०:३९ चे शेवटचे वाक्य आणि १३:११ मधला नहेम्याचा प्रश्न दोन जणांना एकापाठोपाठ मोठ्याने वाचायला सांगा. वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

मी सहा शनिवार असे लावीन. पहिल्याला १:१ ते २:१०. दुसऱ्याला २:११ ते ३ऱ्याचा शेवट. तिसऱ्याला ४था आणि ६वा एकत्र, कारण दोन्हींत विरोधच आहे: थट्टा, हल्ल्याची धमकी, मग ओनोच्या मैदानात भेटीला बोलावणे, उघडे पत्र, शेवटी पैसे खाऊन केलेले खोटे भाकीत. चौथा शनिवार फक्त ५व्या अध्यायाचा. पाचव्याला ८वा, सहाव्याला १० आणि १३. सातव्याची पहिली पाच वचने आणि ९व्यातली प्रार्थना घरी वाचायला द्या. ११वा आणि १२वा सुटला तरी चालेल.

पहिल्या शनिवारी दोन गोष्टी निसटू देऊ नका. यरुशलेमची भिंत पडल्याची बातमी आली किसलेव महिन्यात आणि राजासमोर बोलणे झाले नीसानमध्ये, म्हणजे मधे सुमारे चार महिने गेले. २:४ मधली झटकन केलेली प्रार्थना सगळ्यांना आवडते, पण तिच्या मागे ते चार महिने आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे २:२ मधली भीती. नहेम्या राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षारस देणारा सेवक होता; अशा माणसाचा चेहरा उतरलेला दिसणे धोक्याचे होतेच, पण खरे कारण एज्रा ४:२१ मध्ये आहे. याच राजाने, म्हणजे पर्शियाच्या अर्तहशश्ताने, या शहराचे बांधकाम थांबवण्याचा हुकूम दिला होता. नहेम्या राजाला स्वतःचाच हुकूम फिरवायला सांगत होता. म्हणून त्याचे शब्द किती जपून आहेत ते पाहा: २:३ आणि २:५ मध्ये तो यरुशलेमचे नावच घेत नाही, ‘माझ्या पूर्वजांच्या कबरी जिथे आहेत ते नगर’ म्हणतो.

वर्गात कोणीतरी विचारील की १:१ मध्ये किसलेव राजाच्या विसाव्या वर्षातला, मग त्यानंतरचा नीसानही (२:१) विसाव्याच वर्षातला कसा? वर्ष नीसानपासून मोजले तर ते जमत नाही. सातव्या महिन्यापासून, म्हणजे शरदातून मोजले तर जमते. इसवी सनाच्या हिशेबात हा काळ इ.स.पू. ४४५-४४४ चा.

---

वेशीची_वाट

३रा अध्याय सोडू नका. वर्गात सर्वांत रंगणारा अध्याय तोच ठरू शकतो, फक्त तो बसून वाचायचा नाही.

साधारण १२ मीटर सुतळी, खडू आणि २० चिठ्ठ्या घ्या. त्या काळचे यरुशलेम उत्तर-दक्षिण लांबट आणि अरुंद होते, म्हणून जमिनीवर सुतळीने सुमारे ४ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असा लांबोळा आकार करा. खोलीची एक भिंत उत्तर धरा. वर्णन ईशान्येकडच्या मेंढरांच्या वेशीपासून सुरू होते आणि घड्याळाच्या उलट दिशेने फिरून तिथेच परत येते. माशांची वेस उत्तरेला, मग जुनी वेस, खोऱ्याची वेस पश्चिमेला, उकिरड्याची वेस दक्षिण टोकाशी, तिच्याजवळ झऱ्याची वेस, आणि पूर्वेकडून परत वर. वेशींची नावे खडूने लिहा. चिठ्ठ्यांवर एकेका गटाचे नाव आणि वचन लिहून प्रत्येकाला आपल्या जागी उभे करा.

कोणाच्या चिठ्ठ्या हव्यातच: याजक (३:१), तकोवाचे लोक आणि कामाला मान न वाकवणारे त्यांचे सरदार (३:५), सोनार आणि गंधी (३:८), शल्लूम आणि त्याच्या मुली (३:१२), उकिरड्याची वेस दुरुस्त करणारा एका जिल्ह्याचा अधिकारी (३:१४), आपापल्या घरासमोरचा तुकडा बांधणारे (३:१०, २३, २८-३०). तकोवाच्या लोकांना दोन चिठ्ठ्या द्या, कारण ३:२७ मध्ये त्यांनी दुसरा तुकडाही बांधला आहे. सरदार बसून राहिले आणि त्यांच्याच गावच्या माणसांनी दुप्पट काम केले. मुलांना हे लगेच भिडते.

हनून आणि जानोहाच्या रहिवाशांची चिठ्ठी सर्वांत लांब तुकड्यावर ठेवा. ३:१३ मध्ये खोऱ्याच्या वेशीपासून उकिरड्याच्या वेशीपर्यंत १००० हात, म्हणजे जवळजवळ ४५० मीटर भिंत त्यांच्याकडे आहे. इतका तुकडा एकाच गटाला झेपला, त्यावरून तिथली भिंत कमी ढासळलेली असावी असे दिसते. पूर्वेला उलट आहे. तिथले तुकडे छोटे छोटे आणि माणसे जास्त. २:१४ मध्ये नहेम्याच्या जनावराला पुढे जायला वाट मिळाली नाही ती हीच बाजू. १९६०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केनियन यांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा उतारावर कोसळलेल्या दगडांचा प्रचंड ढिगारा निघाला. नहेम्याने तो उपसायचे सोडून भिंत वर माथ्याच्या रेषेवर घेतली, असे त्यांचे म्हणणे होते.

५२ दिवसांचे कोडेही इथेच सुटते. सारी भिंत पायापासून उभारायची नव्हती. पुष्कळ ठिकाणी दुरुस्ती होती आणि चाळीसेक तुकड्यांवर काम एकाच वेळी चालू होते. यात देवाचा हात नव्हता असे मला म्हणायचे नाही. ६:१६ मध्ये शत्रूंनाही तो दिसला. पण काम कसे झाले हे सांगितले नाही तर मुलांना वाटते की भिंत आपोआप उगवली. काम जड होतेच. ४:२ मधले जळलेले दगड लक्षात आणून द्या. आगीत सापडलेला चुनखडीचा दगड ठिसूळ होतो, म्हणून प्रत्येक दगड पारखून घ्यावा लागला असणार. ४:१० मध्ये हमाल थकले आणि राडारोडा फार आहे ही तक्रार येते, तेव्हा भिंत निम्म्या उंचीला आलेली होती (४:६). निम्म्यावर आलेले काम सर्वांत जड वाटते.

आता काय बिघडते ते. नावे आयत्या वेळी वाचायला दिली की वाचणारा अडखळतो, हशा पिकतो आणि वर्ग हातचा जातो. चिठ्ठ्या आधीच्या शनिवारीच वाटा. दुसरे म्हणजे प्रत्येक वेशीला आध्यात्मिक अर्थ चिकटवू नका: मेंढरांची वेस म्हणजे वधस्तंभ, उकिरड्याची म्हणजे पापक्षालन, झऱ्याची म्हणजे पवित्र आत्मा. अशा दहा वेशींच्या संदेशमाला बऱ्याच फिरतात. पण या अध्यायात बांधलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या वेशी सहाच आहेत. पाणी, घोडे, पूर्व आणि हम्मिफकाद या वेशी फक्त ठिकाण सांगायला येतात, त्यांच्या दुरुस्तीचा उल्लेख नाही. दहा पायऱ्यांचा जिना मजकुरात नाहीच.

शेवटची दहा मिनिटे फक्त या दोन चिठ्ठ्यांसाठी ठेवा. मशुल्लाम बिन बरख्या याने दोन तुकडे बांधले (३:४ आणि ३:३०). आता ६:१८ वाचा: त्याची मुलगी भिंतीला विरोध करणाऱ्या तोबीयाच्या मुलाला दिलेली होती. आणि मेंढरांची वेस बांधणारा प्रमुख याजक एल्याशीब (३:१)? १३:२८ मध्ये त्याचा नातू विरोधकांचा म्होरक्या सनबल्लट याचा जावई आहे. (१३:४ मध्ये तोबीयाला मंदिरात खोली देणारा एल्याशीब हाच की दुसरा, यावर मतभेद आहेत, म्हणून ते वचन इथे पुरावा म्हणून आणू नका.) भिंत बांधणारेच भिंतीपलीकडच्यांचे व्याही होते. आपले कोण आणि विरोधक कोण अशी सरळ रेघ मुलांना ओढू देऊ नका.

---

तरुणसंघ_शनिवार

मनापासून आभार. सुतळीची कल्पना नक्की करणार. दोन शंका उरल्या. ५व्या अध्यायाला अख्खा शनिवार द्यायला सांगितले आहे. भिंतीच्या मधेच व्याजाचा विषय, तो इतका महत्त्वाचा आहे का? आणि १३व्या अध्यायातल्या सोयरिकींचे काय? आमच्या मंडळीत दोन-तीन जणांचे जोडीदार ख्रिस्ती नाहीत. तो भाग वाचताना त्यांना अपमान वाटू नये.

---

शेकडा_दर

५व्याबद्दल मी सांगतो. भिंतीचे काम बाहेरच्या शत्रूमुळे कोलमडेल अशी भीती ४थ्यात आहे. ५व्यात ते आतूनच कोलमडायला आले होते.

तक्रारदार तीन प्रकारचे आहेत, ते फळ्यावर वेगवेगळे लिहा. पहिले, ज्यांच्याकडे जमीनच नाही, मुलेबाळे फार आणि धान्य नाही (५:२). दुसरे, ज्यांनी दुष्काळात धान्यासाठी शेते, द्राक्षमळे, घरे गहाण टाकली (५:३). तिसरे, ज्यांनी राजाच्या साऱ्यासाठी कर्ज काढले (५:४). तिघांचा शेवट एकाच ठिकाणी होतो: मुले गुलामगिरीत, काही मुली तर आधीच गेलेल्या, आणि सोडवायला हातात काही नाही. ऋणको आणि सावकार दोघेही यहूदी.

५:११ मध्ये ‘शंभरावा भाग’ आहे. बहुतेक अभ्यासक तो महिन्याचा दर मानतात, म्हणजे वर्षाला १२ टक्के. आपल्याकडे गावात खाजगी सावकारीचे व्याज आजही शेकडा आणि महिना याच हिशेबाने सांगतात, त्यामुळे हे वचन मराठी वर्गाला इंग्रजी टीकाग्रंथापेक्षा लवकर कळते. मुलांना १०,००० रुपयांवर शेकडा १, शेकडा ३ आणि शेकडा ५ ने वर्षाचे व्याज काढायला सांगा: १,२००, ३,६०० आणि ६,०००. मग निर्गम २२:२५ आणि लेवीय २५:३५-३७ वाचा. आपल्या गरीब बांधवाकडून व्याज घेणेच मना होते, दर कितीही असो. ५:११ मध्ये नहेम्या फक्त व्याज माफ करायला सांगत नाही, शेते आणि घरेही आजच्या आज परत द्यायला लावतो.

५:१० वाचताना घाई करू नका. ‘मी, माझे भाऊबंद आणि माझे चाकरही’ पैसे आणि धान्य उसने देतो, असे तो सर्वांसमोर म्हणतो. दोष दाखवणारा स्वतःला त्यातून वगळत नाही. सरदार कबूल झाल्यावरही त्याने शब्दावर विसंबून सोडले नाही. याजकांना बोलावून शपथ घ्यायला लावली आणि अंगरख्याचा ओचा झटकून दाखवला (५:१२-१३). ही कृती वर्गात एकाने प्रत्यक्ष करावी. ओच्यात मूठभर तांदूळ टाकून झटकला की सगळे कायमचे लक्षात राहते. तांदूळ गोळा करायला खाली चादर अंथरा.

एक जपा. वर्गातल्या एखाद्याच्या घरी कर्ज असणार, एखाद्याच्या घरी व्याजाने पैसे देणेही असेल. आपापली परिस्थिती सांगा असे म्हणू नका. मजकुरावर राहा. ज्याला लागायचे त्याला ते लागते.

---

पाणवेशीचा_चौक

शापाची प्रार्थना आणि १३वा अध्याय, या दोन्हींवर.

४:४-५ गुळमुळीत करू नका. त्याने खरेच मागितले आहे की त्यांचा अपराध झाकू नकोस. फळ्यावर दोन रकाने करा: नहेम्याने देवाकडे काय मागितले, आणि त्याने स्वतः काय केले. दुसऱ्या रकान्यात ४थ्या अध्यायातून येईल: भिंत बांधली (४:६), प्रार्थना केली आणि पहारा बसवला (४:९), सखल जागी कुटुंबे उभी केली (४:१३), निम्म्यांच्या हाती भाले दिले (४:१६), रणशिंग वाजवणारा जवळ ठेवला (४:१८). सनबल्लटावर चाल करून जाणे त्या रकान्यात कुठेच नाही. राग देवापाशी बोलला गेला, सूड त्याच्यावर सोडला. रोमकरांस १२:१९ तेच सांगते. त्यानंतर मत्तय ५:४४ वाचा आणि मान्य करा की प्रभू नहेम्यापेक्षा पुढचे मागतो. दोन्ही वचने जबरदस्तीने एकसारखी करायला गेलात तर मुलांना ते कळते, आणि मग त्यांचा विश्वास बसत नाही.

१३:२५ साठी एज्रा ९:३ शेजारी ठेवा. प्रश्न तोच, परक्यांशी सोयरिका. एज्राने स्वतःचे केस आणि दाढी उपटली, नहेम्याने दुसऱ्यांचे केस उपटले. शास्त्र दोन्ही सांगते आणि १३:२५ कुठेही आज्ञा म्हणून देत नाही. घडलेले सांगणे आणि करायला सांगणे यांतला फरक शिकवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

आता तुमच्या मंडळीतल्या त्या घरांबद्दल. आधी ठरवा की प्रश्न जातीचा किंवा रक्ताचा नाही. १३:२४ सांगते की निम्मी मुले अश्दोदी भाषा बोलत, यहूद्यांची भाषा त्यांना येत नव्हती, म्हणजे घरात नियमशास्त्र पोचण्याची वाटच बंद झाली होती. १३:२६ मध्ये शलमोनाचे उदाहरण भक्ती भरकटल्याचे आहे. त्याच संध्याकाळी मत्तय १:५ वाचा, मवाबी रूथ प्रभूच्या वंशावळीत आहे. आणि १ करिंथकर ७:१२-१४ न वाचता वर्ग संपवू नका: जोडीदार विश्वासणारा नसला आणि तो एकत्र राहायला तयार असला तर त्याला सोडू नये, असे पौल स्पष्ट लिहितो. शक्य असेल तर त्या दोन-तीन जणांना आठवडाभर आधी भेटून कोणता भाग आहे ते सांगून ठेवा.

८व्याबद्दल थोडेसे. ‘परमेश्वराचा आनंद’ हे वचन (८:१०) कॅलेंडरवर एकटे छापले जाते. पूर्ण वचन वाचा: मिष्टान्न खा, गोड प्या आणि ज्याच्याकडे काही नाही त्याला ताट पाठवा. रडणाऱ्या लोकांना हे सांगितले आहे. भिंत पूर्ण झाली एलूलच्या, म्हणजे सहाव्या महिन्याच्या, २५ तारखेला आणि हे वाचन सातव्या महिन्याच्या १ तारखेला, म्हणजे अध्याय सलग धरले तर आठवडाही उलटला नव्हता. हाताचे घट्टे तसेच असतील. पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचले गेले, १३ जण वाचणाऱ्या एज्रा शास्त्र्याच्या उजव्या-डाव्या हाताला उभे, आणखी १३ जणांची नावे समजावून सांगणाऱ्यांत. ८:८ प्रमाणे अर्थ फोडून सांगितला म्हणून लोकांना कळले. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवले, तेही याच कामासाठी. ते १९२४ साली छापून झाले, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. या शनिवारी चहा-फराळ ठेवा आणि एक डबा वर्गात येऊ न शकणाऱ्या घरी पाठवा. ८:१२ मध्ये लोकांनी तेच केले.

---

शेकडा_दर

एक राहिले. कंपाउंडच्या भिंतीसाठी हे पुस्तक घेतले जाते तेव्हा वर्गणीच्या आवाहनासाठी २:१८ आणि ४:६ हमखास वाचले जाते, पण ५:१४-१८ आणि १३:१३ वाचले जात नाही. ती दोन्ही वाचा. आधीचे सुभेदार लोकांकडून अन्न, द्राक्षारस आणि वर ४० शेकेल रुपे घेत. नहेम्याने १२ वर्षे सुभेदाराचा भत्ता घेतला नाही. त्याच्या पंक्तीला १५० माणसे असत, रोज एक बैल आणि सहा निवडक मेंढरे लागत, तरीही. आणि १३:१३ मध्ये कोठाराची जबाबदारी एकाकडे न देता चौघांकडे दिली: एक याजक, एक लेखक, एक लेवी, आणि त्यांच्या हाताखाली एक. निवडण्याचे कारण तिथेच लिहिले आहे, ते विश्वासू मानले जात होते. पास्टोरेट कमिटीला सुचवा की भिंतीचा जमाखर्च दर महिन्याला फलकावर लावावा: सिमेंटच्या गोण्या, विटा, वाळू, मजुरी, शिल्लक. त्यावर सह्या वेगवेगळ्या घरांतल्या चौघांच्या असाव्यात, त्यात तरुण संघाचा एक असावा.

---

तरुणसंघ_शनिवार

फलकाची गोष्ट उद्याच्या कमिटीत मांडतो. चिठ्ठ्या लिहायला घेतल्या आहेत. शल्लूमच्या मुलींची चिठ्ठी कोणाला द्यायची यावरून आतापासूनच दोघींत ओढाताण आहे.

---

वेशीची_वाट

दोघींनाही द्या. ३:१२ मध्ये ‘मुली’ अनेकवचनी आहे.